एका रेघेच्या दोन रेघा

२०१२ साल. मी चौसष्ट वर्षांचा. वयाचा हिशोब मला सोपा जातो. पोलीस ॲक्शन झाली त्या साली मी कन्नडकडच्या एका खेड्यात जन्मलो. आई म्हणायची, रझाकार गेले आणि सांडू आला. शाळा दुसरीपर्यंत. तिसरीच्या मास्तरचं आणि माझं पटलं नाही, आणि मी जास्त हट्टी निघालो.

त्या साली मी औरंगाबादच्या एका कॅन्सरच्या दवाखान्यात मिस्त्री होतो. आता गावाचं नाव बदललं, दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. ज्या खोलीत किरण देतात ती खोली बांधायला मी गवंडी म्हणून गेलो होतो. साधी खोली नव्हे ती. भिंती हातभर नाहीत, चांगल्या पुरुषभर जाड, सगळं काँक्रीट. आत जायला सरळ दार नाही, वळसा घालून जायचं, कारण किरण सरळ पळतो, त्याला वळता येत नाही. खोली बांधून झाली, बाकीचे गवंडी दुसऱ्या साइटवर गेले, मला साहेबांनी ठेवून घेतलं. म्हणाले, "मिस्त्री, ही भिंत तुम्हाला ओळखते." मी म्हणालो, "व्हय, ओळखती." राहिलो.

बाहेरच्या माणसाला ते मशीन काय करतं ते आधी सांगतो. मोठा हात असतो, बैलगाडीच्या जुवासारखा जाडजूड, तो माणसाभोवती गोल फिरतो. त्याच्या तोंडातून किरण निघतो. किरण दिसत नाही, ऐकू येत नाही, भाजत नाही, वास नाही. पेशंट खाली पाटावर निजतो आणि किरण त्याच्या गाठीवर पडायला पाहिजे. गाठीवरच. चिंचोक्याएवढा इकडंतिकडं गेला तर गाठ राहती आणि चांगलं मांस जळतं.

आता न दिसणारी गोष्ट नेमकी कशी पाडायची? त्यासाठी दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आणि छताला लाल उजेडाचे डबे असतात. लेझर म्हणतात. त्यातून दोऱ्यासारख्या बारीक लाल रेघा निघतात. समोरासमोरच्या दोन डब्यांच्या रेघा खोलीच्या मधोमध एकमेकीवर पडतात, छताची तिथंच येऊन मिळती, आणि ती जागा म्हणजे किरणाचं मध्य. पेशंटच्या अंगावर खूण असते, ती खूण त्या रेघांवर आणली की पेशंट जागेवर.

मशीनच्या तोंडातून एक पिवळा उजेडही पडतो. पहिल्या दिवशी मी त्याच्याखाली हात धरला आणि घाबरून मागं घेतला. कंपनीचा माणूस हसला. म्हणाला, "तो किरण नाही, बल्ब आहे. किरण कुठं पडणार ते दाखवतो फक्त." मी थक्क झालो. म्हटलं, म्हणजे इथं जे दिसतं ते सगळं नुसतं दाखवणारं, आणि जे काम करतं ते दिसतच नाही? तो म्हणाला, "बरोबर समजलं तुम्हाला." मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

भिंतीवरचे दोन डबे मी बसवले. कंपनीच्या पोरांचं ड्रिल माझ्या काँक्रीटमध्ये शिरेना. मी शिरवलं. मशीनच्या मध्याच्या उंचीवर मी पाण्याच्या नळीनं दोन्ही भिंतींवर बारीक चीर मारून ठेवली. पाण्याची नळी म्हणजे गवंड्याची पारदर्शक नळी, पाणी भरलेली. एक टोक इकडं, एक टोक तिकडं, पाणी दोन्हीकडं एकाच उंचीवर उभं राहतं. पाणी खोटं बोलत नाही. त्या चिरेच्या वर डबा, मधोमध रेघ चिरेच्याच उंचीला पडेल असा, खाली मोकळी भिंत. रोज सकाळी खोली उघडायची, गारव्याचं मशीन लावायचं, पाटावर पलीकडची रेघही दिसेल असा पातळ पांढरा पुठ्ठा उभा धरायचा आणि दोन्ही रेघा एकावर एक आहेत का बघायचं, हे माझं काम. कुणी नेमून दिलेलं नव्हतं. रेघा माझ्या, म्हणून मी बघायचो.

करीमभाई त्या पावसाळ्यात आला. खुलताबादचा फूलवाला. दर्ग्याच्या रस्त्यावर त्याचं दुकान, एका टोपलीत चादरीसाठी गुलाब, दुसऱ्या टोपलीत शनिवारी मारुतीला रुईच्या पानांचे हार. "दोनों साहब मेरे गिऱ्हाईक हैं," म्हणायचा. गळ्यात गाठ निघाली. आवाजाच्या पेटीवर. आवाज पार फाटलेला, वाळल्या पानावर पाय पडल्यासारखा. डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, किरणानं गाठ जाईल आणि आवाज बहुतेक परत येईल, पण शनिवार-रविवार आणि दसऱ्याची सुट्टी सोडली तर एक खाडा नको, मधी सुट्टी पडली की गाठ डोकं वर काढती.

त्यानं मला विचारलं, "मिस्त्री, बहुतेक म्हंजी किती?"

मी म्हणालो, "तू खाडा करू नको, बाकी मी बघतो."

मी कोण बघणार! पण म्हणालो. आणि बोललो की बोललो.

गळ्याच्या पेशंटला जाळीचा मुखवटा करतात. गरम पाण्यात मऊ झालेली जाळी तोंडावर दाबून बसवायची, गार झाली की ती त्याच तोंडाची होती. मुखवटा पाटाला आवळला की मान हलत नाही. खुणा त्या मुखवट्यावर. करीमभाई पहिल्या दिवशी मुखवट्यात बघून म्हणाला, "निकाह में भी इतना नहीं बांधा था." टेक्निशियन सुनील इतका हसला की वाघमारे मॅडमनी बाहेरून ओरडून विचारलं, काय झालं.

वाघमारे मॅडम म्हणजे किरणाचं गणित बघणारी पोरगी. पोरगी म्हणतो, कारण माझ्या धाकटीच्या वयाची. मला मामा म्हणायची. मशीन रोज सकाळी तपासून तिनं मान हलवली की मगच पेशंट आत.

खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा. गवंड्याची थापी, सुताराचा रंधा, शेतकऱ्याचा नांगर. दवाखान्यातही होती. शेवटचा पेशंट गेल्यावर मशीनला हळदकुंकू, नारळ मात्र दाराबाहेर फोडायचा, आत पाणी सांडायचं नाही, हा माझा नियम. त्या दिवशी करीमभाई त्याचे किरण उरकूनही गेला नाही. दुपारपर्यंत बाकावर बसला. पूजेच्या वेळी पिशवीतून त्यानं दोन हार काढले. झेंडूचे. मनगटाएवढे जाड, कंबरेपर्यंत लांब, ताजे राहावेत म्हणून पाणी मारलेले. थेंब गळत होते.

"मेरी तरफ से," म्हणाला. "ह्या मशीनीला माझ्या हातचा हार पाहिजे."

सुनील हात पुढं करायला लागला, तर म्हणाला, "अरे हट. हार लावायची रीत असते. दोनो बाजू सारखे लागले पाहिजेत."

त्यानं खोली नजरेनं मापली. मशीनचा हात फिरता, त्यावर नको. पाटावर नको. समोरासमोरच्या भिंतींवर माझे दोन डबे, भिंतीपासून पुढं आलेले, एका उंचीचे. एकेका डब्याच्या नाकाला त्यानं एकेक हार घातला. लाल उजेडाच्या भोकाला धक्का न लावता, बरोबर खालून. मागं सरून एक डोळा मिटून बघितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, डॉक्टरसाहेबांनीही. मला तर लई बरं वाटलं. एवढ्या परदेशी यंत्रात हार पडला तो माझ्या कामाला!

दसऱ्याला सुट्टी. कुणी कामावर नव्हतं. सोनं वाटलं, गोड खाल्लं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खोली उघडली तर झेंडूचा वास भरलेला. हार अजून टवटवीत. टवटवीत फूल मी उतरवत नसतो. पुठ्ठा धरला. दोन्ही रेघा एकावर एक. मॅडमनी वरून किरण टाकून तपासलं, ठीक. पहिला नंबर करीमभाईचा. मुखवटा आवळला, खुणा रेघांवर आणल्या, सगळे बाहेर आलो.

त्याचे किरण दोन्ही कुशींनी देत, मशीनचा हात आडवा करून. आठवड्यातून एकदा आधी फोटो काढायचा, त्याच किरणाच्या चिमटीभर मात्रेनं, पलीकडं फोटो टिपणारी पाटी लावून. सुनीलनं फोटो काढला आणि तो खुर्चीतून उठलाच.

"मॅडम, मणका खाली आहे."

मॅडमनी बघितलं. जुना फोटो शेजारी लावला. जुन्यात चौकटीच्या मधोमध गळा, नव्यात गळा खाली घसरलेला. असा किरण दिला असता तर गाठीचा मागचा भाग सुटला असता. 

"मुखवटा ढिला झाला असंल," मी म्हणालो.

करीमभाईला उतरवून पुन्हा निजवलं, पुन्हा आवळलं. तेच. मॅडमनी त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि पाटावर रेघा मिळतात त्या जागी लोखंडाचा बारीक छर्रा ठेवला. हात उभा करून फोटो काढला: छर्रा मधोमध. हात आडवा करून काढला: छर्रा खाली. दुसऱ्या कुशीनं काढला: तिथंही खाली.

म्हणजे माणसाची चूक नाही, मुखवट्याची नाही. एकतर किरण वर गेला होता, नाहीतर रेघा खाली.

मॅडमनी कंपनीला फोन लावला. तिकडचा इंजिनिअर म्हणाला, हात आडवा झाला की वजनानं वाकत असेल, किंवा किरण आतून सरकला असेल. मशीन बंद ठेवा, आम्ही तीन-चार दिवसांत येतो, आल्यावर किरण वळवून रेघेवर आणून देऊ.

तीन-चार दिवस. मी खिडकीतून बाहेर बघितलं. करीमभाई बाकावर बसून रुमालाला गाठी मारत होता.

मॅडम म्हणाल्या, "किरण सरकलेला नाही. चकती सांगते आहे."

ही चकती म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. मशीनच्या तोंडात, किरणाच्या वाटेत, पापुद्र्यासारखी पातळ चकती असते, पोळीचे चार चतकोर करावेत तशी वाटलेली. किरण तिच्यातून आरपार जातो. तिला कळतं, किरणाला कळत नाही. धनगर मेंढरं वाडग्यातून सोडताना फटीपाशी उभा राहतो बघा, एकाही मेंढराला हात लावत नाही, पण डावीकडून किती गेली, उजवीकडून किती गेली, त्याला बरोबर ठाऊक. किरण एका बाजूला दाटला की चकती लगेच बोंबलते आणि मशीन बंद पडतं. किरणाला न अडवता, न दुखवता त्याच्यावर नजर ठेवणारी तेवढी एकच वस्तू त्या खोलीत. आणि ती म्हणत होती, चारी चतकोर सारखे, हात उभा असो की आडवा.

"आणि हाताचं लोखंड," मॅडम म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात सरळ होतं. सणाच्या सुट्टीत वाकलं का? मामा, रेघा बघाव्या लागतील."

माझं डोकं फिरलं. म्हणालो, "रेघांना काय धाड भरली? सकाळी पुठ्ठा धरला मी. दोन्ही एकावर एक. एक खोटी बोलली असती तर दुसरीनं पकडली असती. दोन साक्षीदार एकच सांगतात, आणि तुमची ती पापुद्र्याची चकती खरी?"

"मामा, दोघं मिळून खोटं बोलत असतील तर?"

"माझ्या भिंती खोटं बोलत नाहीत! तुम्ही शिकलेले लोक, कंपनीच्या डबड्यावर विश्वास आणि काँक्रीटवर नाही!"

सुनील बघतच राहिला. मॅडमला मी असं कधी बोललो नव्हतो. ती चिडली नाही. शांतपणे विचारलं, "मामा, तुम्ही डबे बसवले ते कशावर विश्वास ठेवून?"

"पाण्याच्या नळीवर."

"आहे का नळी?"

"म्हंजी काय? मिस्त्रीकडं नळी नाही असं व्हईल का?"

"मग आणा. तुमची नळी म्हणेल ते मी मानते. चकतीला बाजूला ठेवते."

मी गेलो तरातरा. नळी आणली, पाणी भरलं, बुडबुडे काढले. मनात म्हटलं, आता दाखवतो. मॅडम पाटापाशी पुठ्ठा धरून उभ्या राहिल्या, त्याला लागून सुनीलनं नळीचं एक टोक धरलं. दुसरं टोक मला माझ्या चिरेवर लावायचं होतं. चीर डब्याच्या खाली. आणि तिच्यावर हार लोंबत होता. मी हार उचलून काढला आणि खांद्यावर टाकला.

"मामा!"

मॅडम अशा ओरडल्या की माझ्या हातातून नळी सुटली.

"काय केलंत? डब्याला हात लावलात?"

"नाय लावला."

"इकडं या. बघा."

मी गेलो. पुठ्ठ्यावर सकाळी एक रेघ होती. आता दोन होत्या. एक जिथल्या तिथं, आणि दुसरी तिच्या वर, जोंधळ्याच्या दाण्याएवढी उंच.

 मग मॅडम हळूच म्हणाल्या, "मामा, तो हार परत घाला."

मी घातला. सुनील म्हणाला, "मॅडम, उतरली रेघ. एक झाली."

"काढा."

काढला. दोन.

मी तो हार हातात धरून उभा. झेंडूची फुलं. बायका डोक्यात घालत नाहीत इतकं स्वस्त फूल. पुरुषभर जाडीच्या भिंतीत मी ठोकलेले बोल्ट तसूभर हलले नव्हते, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. पण डबा ज्या पत्र्याच्या दांड्यावर बसतो तो दांडा कंपनीचा, आणि त्याच्या नाकावर ओल्या झेंडूचं वजन. तिथं नखाएवढं लवलं की खोलीच्या मधोमध दाण्याएवढं होतं. दोन्हीकडं सारखे दांडे, सारखे हार, सारखं पाणी मारलेलं. करीमभाईनं दोन्ही बाजू सारख्या लागल्या पाहिजेत म्हटलं होतं, आणि इतक्या सारख्या लावल्या होत्या की दोन्ही रेघा हातात हात घालून खाली उतरल्या. माझा पुठ्ठा त्यांना पकडणार कसा? आणि वरून तपासताना तेवढी उंची खाली-वर झालेली किरणाला जाणवतही नाही.

मग दुसऱ्या भिंतीवरचा हार काढला. खाली राहिलेली रेघही वर गेली आणि दोन्ही एक झाल्या. नळी उचलून पुन्हा चिरेवर लावली, पाणी बरोबर त्याच उंचीला थांबलं. पाणी, रेघ, आणि चकती, तिघं एकच बोलायला लागले. छर्रा ठेवून फोटो काढला, मधोमध.

मला राहून राहून एकच गोष्ट हादरवत होती, आजही हादरवती. त्या इंजिनिअरनं येऊन किरण वळवून रेघेवर आणला असता तर? खोलीत एकटा सरळ होता तो किरण. त्यालाच वाकडा केला असता, आणि मी जवळ उभा राहून म्हटलं असतं, बघा, म्हणत होतो ना!

मॅडम मला काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मामा, करीमभाईंना आत पाठवा."

मी बाहेर गेलो. दोन्ही हार माझ्या खांद्यावर. त्यानं बघितलं आणि उठला.

"क्या मिस्त्री, सुकण्याआधीच उतारे?"

मला खोटं सांगता आलं असतं. मशीनला गरम होतं, साहेब ओरडले, काहीही. पण मी त्याला म्हणालो होतो, बाकी मी बघतो. मग बघितलं ते सांगितलं. तुझ्या हारांनी रेघा खाली ओढल्या, तुझाच नंबर पहिला होता, फोटोत पकडलं म्हणून वाचलास.

तो खाली बसला.   माझ्या खांद्यावरचा एक हार ओढून त्यानं तळहातावर तोलला, तराजूत तोलतात तसा.

"उमर गयी फूल तोलते तोलते," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आणि मला वाटलं, हाराला वजन नसतं."

"पाणी नव्हतं मारायचं."

"तुम्ही नव्हता का तिथं उभे?"

"होतो. डॉक्टरसाहेबही होते. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी."

यावर तो हसला. गळा दुखत असताना हसणं म्हणजे काय ते त्यालाच माहीत. मग म्हणाला, "आता किरण देणार का उद्या बोलवणार?"

"आत्ता."

त्याला निजवलं. मुखवटा आवळला. फोटो काढला, जुन्या फोटोवर नवा ठेवला, हाडावर हाड बसलं. मॅडमनी मान हलवली. किरण सुरू झाला तेव्हा मी पहिल्यांदा पडद्यावर चकतीचे चारी आकडे बघत उभा राहिलो. त्याआधी कधी बघितले नव्हते. चारी सारखे चालले होते, किरण संपेपर्यंत. खाडा पडला नाही.

जाताना करीमभाई दोन्ही हार पिशवीत घालायला लागला. "इथं फूल नाही आणणार परत," म्हणाला. चेहरा उतरलेला. मी म्हणालो, "उद्या आण. छोटा आण. पाणी मारू नको." त्यानं पिशवीचं तोंड बांधलं आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गेलो. खोलीच्या बाहेर, पेशंट बसतात त्या बाकाच्या वर, भिंतीला लाकडाची पट्टी आहे. तिच्यात मी हारासाठी एक खिळा ठोकला. तेवढ्यात करीमभाई आला, हातात वीतभर हार, कोरडा. मॅडम आल्या, सुनील आला, आणखी दोन पेशंट येऊन बसले. करीमभाई हार घालायला पुढं झाला, थांबला, एक डोळा मिटला आणि मान तिरपी केली.

"मिस्त्री," तो कसाबसा म्हणाला, "बायें तरफ झुकता है."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी खिळा उपटला आणि पुन्हा ठोकला.